कंसाचं मुंडकं

२०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला आणि मी तो तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा २०१८ च्या ऑक्टोबरात पाहिला होता, तेव्हा रांगेत आम्ही चौघंच होतो आणि त्यातला एक मध्यंतरात उठून गेला. दुसऱ्यांदा फोनवर, रात्री, दिवा घालवून. आणि आता नाशिकच्या एका मल्टिप्लेक्समध्ये, कॉलेजच्या पोरापोरींनी गच्च भरलेल्या शोला. साखळीनं बांधलेली म्हातारी हलली की सगळं थिएटर एकदम श्वास रोखायचं आणि मग कुणीतरी उगाच मोठ्यानं हसायचं. भीती वाटली की हसणारा एक जण प्रत्येक शोला असतोच.

पडद्यावर पहिल्या भागाचं साल उमटलं, १९१८. आधीच्या दोन्ही वेळी त्या आकड्यानं मला काही केलं नव्हतं. या वेळी मात्र मी तिथेच अडकलो. मधल्या काळात मी एक जुना मूकपट पाहिला होता. पूर्ण नाही, उरलेला काही मिनिटांचा तुकडा. तोही १९१८ चाच, आणि तो आमच्या गावच्या कंपनीनं काढलेला.

‘श्रीकृष्णजन्म’. १९१८ च्या १ जानेवारीला दादासाहेब फाळक्यांनी भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली, तिचा हा पहिला चित्रपट. नाव ऐकून आपण पाळणा, लोणी, यमुना अशी तयारी करून बसतो. ते सगळं आहेच. पण त्या तुकड्यात कंसही आहे. त्याला कृष्णाचे भास होतात. एक कृष्ण, मग अनेक कृष्ण, जिकडे बघावं तिकडे कृष्ण. आणि मग कंसाचं मुंडकं धडापासून सुटतं, वर जातं आणि पुन्हा खाली येऊन मानेवर बसतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुपार होती, शेजारी चहा होता, आवाज तर मुळात नव्हताच. तरी अंगावर काटा आला. तो मुंडकं उडाल्यामुळे आला नाही. ते परत येऊन जागेवर बसलं, त्यानं आला. मेला असता तर सुटला असता. त्याला अजून मरायचंय आणि ते त्याला आधीच दिसलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या पडद्यावरच्या भीतीचं मूळ शोधायला कुणी रामसे बंधूंच्या हवेलीपाशी जाऊन थांबू नये. ते नाशिकला सापडतं, आणि तिथे भूत नाही. भास आहे. तोही निरपराध माणसाला होणारा नव्हे. ज्यानं पाप केलंय त्यालाच होणारा.

आधी ते मुंडकं उडालं कसं ते बघू, कारण मला त्यातच जास्त रस आहे. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे. दांड्याच्या एका फेऱ्याला साधारण आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे. ट्रिकसाठी नटाच्या मागे काळं कापड, आणि जो भाग अदृश्य करायचा त्याच्यावरही काळं कापड. काळ्यावरून उजेड परत येत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग भिंगावर टोपण घालायचं, मोजून तितकेच फेरे फिल्म मागे न्यायची आणि तीच फिल्म पुन्हा चालवून कोऱ्या जागेवर दुसरं चित्र घ्यायचं. आधी धड, मग डोकं. फेरे मोजताना कुणी शिंकला, आकडा चुकला, की कंसाचं डोकं खांद्यावर यायचं ते दंडावर. संगणक नाही, मॉनिटर नाही, फिल्म धुऊन हातात येईपर्यंत काय झालंय ते कळायची सोय नाही.

ही कामं जादूगाराची. फाळके जादूगार होतेच. स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं ते जादूचे प्रयोग करत. फ्रान्सचा जॉर्ज मेलिएसही मूळचा रंगमंचावरचा जादूगार; त्यानं १८९८ मध्ये स्वतःचंच डोकं काढून टेबलावर ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि १९०१ मध्ये ते भात्यानं हवा भरून फुगवलं. डोकं हा या धंद्याचा आवडता जिन्नस दिसतो. पण मेलिएसचं डोकं गाणी म्हणतं, लोक हसतात. तीच ट्रिक कंसाच्या मानेवर आली आणि गंमत संपली. ज्या जर्मन चित्रपटापासून भयपटाचा इतिहास सांगायची पद्धत आहे तो ‘कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ १९२० चा, म्हणजे आपल्या कंसाहून दोन वर्षांनी धाकटा. हे मी गावाचा अभिमान म्हणून सांगत नाही. बरं, थोडा अभिमान म्हणूनही सांगतो.

फाळक्यांना भीती कशाशी खातात ते चांगलं ठाऊक होतं. त्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा, शास्त्र्यांच्या घरातला. त्र्यंबक म्हणजे नारायण-नागबळी आणि त्रिपिंडीचं गाव. कुणाला वाईट मरण आलेलं असतं, कुणाच्या हातून साप मेलेला असतो, कुणाचे पितर अडकलेले असतात. सगळ्या महाराष्ट्रातून माणसं तिथे येतात, कणकेचा नाग करतात, पिठाचे पिंड करतात आणि आपल्या घराण्यानं कधीकाळी केलेल्या गोष्टीची भरपाई करून परत जातात. (‘तुंबाड’मध्ये हस्तर नावाच्या शापित देवाला भुलवायला कणकेच्या बाहुल्या करतात, तेव्हा त्र्यंबकला जाऊन आलेला प्रेक्षक खुर्चीत जरा चुळबुळ करतो. करणारच.) पुढे गोध्र्याला फाळके छायाचित्रकाराचा व्यवसाय करत होते, तेव्हा प्लेगनं त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं. मग बडोद्याला स्टुडिओ थाटला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी अफवा उठली आणि धंदा बसला. म्हणजे या माणसाच्या हातातलं यंत्र लोकांना चित्रपट येण्याच्या आधीपासूनच भुताळं वाटत होतं.

आणि सिनेमाचं वेड म्हणाल तर आम्ही आजचे रात्री तीनपर्यंत फोन बघणारे त्यांच्यापुढे कुणीच नाही. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर फाळके रोज तासन्‌तास सिनेमे बघत सुटले, झोप तीन तासांवर आली, आणि शेवटी काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उपचार केले, चष्मे दिले, मग परत दिसायला लागलं. माझी आई मला लहानपणी सांगायची की इतका सिनेमा बघशील तर डोळे जातील. भारतीय सिनेमाची सुरुवात ज्यानं केली त्याच्या बाबतीत ते शब्दशः घडलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ चा. त्यात शिकारीला गेलेल्या हरिश्चंद्राला बायकांच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि जाऊन बघतो तर ज्वाळांमध्ये तीन स्त्रिया उभ्या, समोर विश्वामित्र. राजा चांगुलपणानं त्यांना सोडवतो आणि तिथून त्याचे हाल सुरू होतात. त्यानंतर फाळक्यांनी बस्तान नाशिकला हलवलं आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात पहिल्यांदा स्त्रिया पडद्यावर आल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणून त्याचं नाव घेतात. मला त्यातला भस्मासुर जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला जाळायचा वर मिळालेला आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून राख होणारा. भस्मासुर, कंस आणि मग एकदम शंभर वर्षांनी ‘तुंबाड’मधला सोन्यामागे लागलेला विनायक. तिघांनाही कुणी बाहेरचा मारत नाही म्हटलं तरी चालेल. जे करायला गेले त्यानंच गेले.

याच्याही मागे जाता येतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली होती: काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि चित्रं पटापट बदलून हलल्याचा भास. शंबर हा मायावी असुर, त्याची ती शांबरी विद्या. यंत्राला मराठीत नाव देताना सुद्धा आपल्याला आधी असुरच आठवला. युरोपात या दिव्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्टसन नावाचा माणूस पॅरिसमध्ये धुरावर भुतं नाचवत होता. पटवर्धनांकडे देवादिकांच्या कथा होत्या. हा फरक पुढे शंभर वर्षं टिकला असं मला वाटतं: त्यांच्याकडे भीती दाखवायला भूत लागतं, आपल्याकडे कथा आधीपासून होती, तिच्यात राक्षस होता, फक्त उजेड हवा होता.

आणि उजेडाचीही सोय होती. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरातला बोहाडा ज्यानं रात्री पाहिलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. देवांचे, दैत्यांचे रंगवलेले मोठे मुखवटे एकामागून एक येतात. मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून पाहिला होता, मशालींच्या उजेडात. मशाल हलते तशी मुखवट्याच्या नाकाची सावली गालावरून सरकते, आणि जो चेहरा लाकडासारखा घट्ट आहे तो बघता बघता रागावतो. कुठलीही हालचाल न करता. चाळीस वर्षांनी मी जर्मन मूकपट पाहिले तेव्हा लोक ज्याला मोठ्या आदरानं छायाप्रकाशाचा खेळ म्हणत होते तो मला मामाच्या खांद्यावरूनच ओळखीचा होता. आणि आमच्या गावाचं नावच एका भयंकर दृश्यावरून पडलंय असं आपण सांगतो. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक. पंचवटीत यात्रेकरूंना ते हसतखेळत सांगतात. एका बाईचं नाक कापलं जातंय, ही गोष्ट हसतखेळत सांगण्यासारखी आहे का, असं माझ्या भाचीनं सातवीत असताना विचारलं होतं आणि गाइड गप्प झाला होता.

फाळके १९२० च्या सुमाराला भागीदारांशी बिनसून काशीला निघून गेले, काही वर्षांनी परत आले, चित्रपट काढत राहिले, आणि १९४४ मध्ये नाशिकलाच गेले. त्यांच्यानंतर मराठी पडद्यावर भीती अधूनमधूनच येते, तीही पाहुण्यासारखी. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि १९३४ मध्ये शांतारामबापूंनी ‘अमृतमंथन’ केला. बळी देणारा राजगुरू, मराठीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. त्यातला पडदाभर पसरलेला एकच डोळा लोक अजून विसरलेले नाहीत. बापू नुकतेच जर्मनीला जाऊन आले होते, ते त्या चित्रपटाच्या सावल्यांत दिसतं. मला तो डोळा आवडतो, पण खरं सांगायचं तर तो डोळा आपल्याकडे बघतो. कंसाच्या वेळी आपण कंसाच्या डोळ्यानं बघत होतो. भीतीच्या गोष्टीत या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मग संतपट, तमाशापट, कौटुंबिक. थरार म्हणाल तर १९६४ चा राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’. वकिलाची बायको मेली आहे आणि एक पकडलेली गुन्हेगार बाई शपथेवर सांगते की तुझी बायको मीच. हिंदीत त्याचा ‘मेरा साया’ झाला आणि तो इतका गाजला की मूळ मराठी आहे हेच लोक विसरले. मी दोन्ही पाठोपाठ पाहिले. हिंदीत राजवाडा आहे, तळं आहे, झुमका आहे. मराठीत काशिनाथ घाणेकरांचा चेहरा आहे आणि त्याला पळायला जागा नाही. माझं मत मराठीच्या बाजूनं. त्यानंतर वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’, १९७६. त्यातल्या नरसूच्या भुताच्या नावानं त्या पिढीतल्या पोरांनी अंगणात जायचं टाकलं होतं. त्या चित्रपटाची गाणी इतकी गोड आहेत की भीती त्यांच्या पदराआड लपते आणि अचानक बाहेर येते.

मग भीती गेली कुठे? वाचनालयात. हे मी कितीही वेळा सांगू शकतो, कारण माझं पौगंड तिथेच गेलं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, तिथे ज्ञानकोशाचे खंड वर्षानुवर्षं कोरे करकरीत आणि धारपांच्या पुस्तकांच्या पाठी सुटलेल्या, पानांना हळदीचे, तेलाचे डाग, कोपरे दुमडलेले, शेवटचं पान बहुतेक वेळा गायब. शेवटचं पान गायब असलेली भयकथा वाचल्याशिवाय त्या काळातला वाचक पुरा होत नाही. मी एका कादंबरीचा शेवट तीन वर्षांनी, पुण्याच्या एका हातगाडीवर उभ्या उभ्या वाचला आणि निराश झालो. माझ्या डोक्यातला जास्त वाईट होता.

धारपांनी इंग्रजी भयकथांवरून पुष्कळ घेतलं, त्याबद्दल त्यांना नावंही ठेवली गेली. पण ते घेताना काय बदलायचे ते बघण्यासारखं आहे. स्टीफन किंगची एक कथा आहे, ‘ग्रॅमा’; घरात एकटा राहिलेला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली अजस्र आजी. धारपांनी तिची ‘आजी’ केली. किंगची आजी परकी, अवजड, भीतिदायक. मराठी घरात आजी हा शब्दच वेगळा. जिच्या कुशीत शिरून भुताची गोष्ट ऐकायची तीच जर गोष्टीतली असेल, तर पोरानं जायचं कुणाकडे? नुसतं नाव मराठी केल्यानं गोष्ट दुप्पट काळी झाली.

ही ‘आजी’ १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वे या पोराला त्याच्या मित्रानं सांगितली. राही हा लेखक अनिल बर्व्यांचा मुलगा. अठराव्या वर्षी, १९९७ मध्ये, त्यानं ‘तुंबाड’चा पहिला खर्डा लिहिला. शूटिंग २०१२ मध्ये, मग पुन्हा काही वर्षांनी. पडदा २०१८ मध्ये. नाव श्री. ना. पेंडशांच्या खोतांवरून घेतलेलं. व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्यानं झाली आणि इथे लोक आले नाहीत. सहा वर्षांनी परत लागला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. पेंडशांचं गाव, धारपांची आजी, किंगचा मुलगा, आणि भाषा हिंदी. शुद्ध वंशावळ शोधणाऱ्यानं इकडे फिरकू नये.

पण विनायकाला एकदा नीट बघा. देवीचा गर्भ, त्यात सोन्याच्या आणि धान्याच्या हव्यासानं शापित झालेलं पहिलं मूल हस्तर, आणि बाहेरून रात्री-बेरात्री आत उतरणारा माणूस. देवकीच्या कोठडीवर पहारा देणाऱ्या कंसाची गोष्ट उलटी केली की जवळपास हेच हातात येतं. दोघेही एका गर्भापाशी अडकलेत. कंसाला तिथून येणारं मूल नको आहे. विनायकाला तिथल्या मुलाची लंगोटी हवी आहे, तिच्यातली सोन्याची नाणी हवी आहेत. भीती दोघांनाही आतूनच येते. आणि दिग्दर्शकानं पहिल्या भागावर घातलेलं साल १९१८. हा योगायोग असणार, याबद्दल मला शंका नाही. तरी तो आकडा पडद्यावर आला की माझी बोटं खुर्चीच्या हातात रुततात.

रामसेंबद्दल मी फार बोलणार नाही. १९७२ च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ पासून त्यांनी महाबळेश्वरचं धुकं घराघरांत पोचवलं, ‘पुराना मंदिर’ आम्ही घरी न सांगता पाहिला, परत येताना गोदावरीचा पूल ओलांडायला चार जण एकमेकांचे सदरे धरून चाललो. त्याबद्दल ऋणी आहे. पण परत बघवत नाही.

‘झपाटलेला’ मात्र परत परत बघवतो. १९९३, महेश कोठारे. कल्पना अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ची, हे लपून राहिलेलं नाही. पण तात्या विंचू अमेरिकन वाटतो का? तो बाहुला रामदास पाध्यांनी घडवला, आणि पाध्यांचं घराणं शब्दभ्रमकारांचं: वडील य. के. पाध्ये आणि त्यांचा अर्धवटराव. म्हणजे इथेही रंगमंचावरचा जादूगार मागच्या दारानं आत आला. शब्दभ्रमाच्या खेळात आपण पैसे देऊन मान्य करतो की लाकूड बोलतंय. दिलीप प्रभावळकरांच्या तात्यानं एवढंच केलं की खेळ संपल्यावरही तो गप्प बसला नाही. माझा वरचा सिद्धांत इथे लागू पडत नाही हे मला कळतं. तात्या ज्याच्या मागे लागतो त्या लक्ष्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. बिचारा कंसही नाही आणि विनायकही नाही. म्हणूनच कदाचित आपण त्या चित्रपटात घाबरता घाबरता हसतो. निरपराध माणूस झपाटला की मराठी प्रेक्षकाला त्याची काळजी वाटते, स्वतःची वाटत नाही.

आमच्या नाशिक जिल्ह्यातच जादूचं दुसरं घराणं आहे, मालेगावात. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. शेख नासिर यांनी २००० च्या सुमाराला ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांचा सुपरमॅन उडाला तो ट्रकला हिरवा कपडा बांधून, त्यापुढे कृश अंगाच्या नायकाला आडवा धरून. फैज़ा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ते सगळं आहे. २०२५ मध्ये रीमा कागतींचा हिंदी चित्रपटही त्यांच्यावर आला. मालेगावात कुणी भयपट काढला की नाही हा इथे प्रश्नच नाही. काळा कपडा जाऊन हिरवा आला, बाकी कारागिरी तीच: नको ते झाका, हवं ते दाखवा, आणि मधला सांधा दिसू देऊ नका.

अतर्क्य, स्वप्नासारख्या चित्रपटांचं म्हणाल तर या वंशवेलीला एक विचित्र फांदी आहे. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ चा; थिएटरात लागायला २०१४ उजाडलं. बेडकांच्या पोटात हिरे, सायकल, चंद्र, जाहिराती, काही म्हणजे काही सरळ नाही. मी पहिल्यांदा अर्ध्यात सोडला, दुसऱ्यांदा पूर्ण पाहिला, तिसऱ्यांदा हसून हसून पोट दुखलं. आता या माणसानं पुढची कित्येक वर्षं कशात घालवावी? फाळक्यांत. फाळक्यांच्या काशीतल्या दिवसांवर आणि तिथे लिहिलेल्या ‘रंगभूमी’ नाटकावर त्यांनी माहितीपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोक म्हणतात, कुठे फाळक्यांचे पौराणिक चित्रपट आणि कुठे हा. कंसाचं मुंडकं पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. बुन्युएल आणि दालींनी पडद्यावर डोळा कापला १९२९ मध्ये. आमच्याकडे त्याच्या अकरा वर्षं आधी डोकं उडून परत आलं होतं, पण कुणी त्याला सर्रिअल म्हटलं नाही, आरती केली.

अलीकडचं सांगतो. विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) मला मराठीतला सगळ्यात नेटका भयपट वाटतो. भर दुपार, उसाचं रान, गरोदर बाई, आणि खेळायला बोलावणारी मुलं. ज्यानं उसात वाट चुकून पाहिली आहे त्याला अंधाराची गरज नाही. पात अंगाला कापते, वर आभाळ दिसतं, पण दिशा कळत नाही. आणि तिथेही पाप गावाचं आहे, मुली मारणाऱ्या घराचं. ‘मुंज्या’ (२०२४) पहिला अर्धा तास झकास: कोकण, मुंज, पिंपळ, हट्टी पोरगं. मग संगणकाचा मुंज्या आला आणि माझी भीती गेली ती गेली. इतका स्वच्छ दिसतो की त्याला आंघोळ घातल्यासारखा वाटतो. मल्याळम ‘भ्रमयुगम’ त्याच वर्षीचा, काळा-पांढरा, एक पडका वाडा आणि मामुट्टी. फासे पडतात त्या आवाजानंच जीव घाबरा होतो. तो पाहून झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोनवर परत ‘श्रीकृष्णजन्म’चा तुकडा लावला.

भाची तेव्हा सुट्टीला आली होती. पुण्यात व्हीएफएक्स शिकते. तिनं दोनदा पाहिलं आणि म्हणाली, “मामा, मास्क कुठे कापलाय ते दिसतं. पण आपण करून बघू.”

काळं कापड घरात नव्हतं. आईची चंद्रकळा होती, कपाटात तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासाची. संक्रांत नसताना काळं बाहेर काढलं म्हणून आई आधी कुरकुरली, मग गॅलरीत खुर्ची टाकून बसली. मागे काळी चादर, माझ्या मानेखाली चंद्रकळा गुंडाळलेली, भाचीचा फोन स्टुलावर. दोन वेळा चित्र घेतलं: एकदा नुसतं धड, एकदा नुसतं डोकं, हळूहळू उठत. एकदा माझ्या चष्म्यात ट्यूबलाइट चमकली. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू पापडाचं पीठ मागायला वर आल्या आणि मला तसं बघून दारातूनच परत फिरल्या.

रात्री भाचीनं दोन्ही तुकडे जोडले आणि फोन आईच्या हातात दिला. माझं डोकं सुटलं, वर गेलं, थोडं तिरकं झालं, परत आलं. मानेभोवती एक बारीक लाल रेघ राहिली होती. चंद्रकळेचा काठ, तो काही काळा नव्हता.

आईनं चष्मा वर सरकवला. “हे काय गळ्याशी?”

“काठ आहे, आजी. तो राहिला झाकायचा.”

“असू दे,” आई म्हणाली. “परत लाव.”